माझ्या यंत्रावर तर चालते!

(मंडळाच्या विद्यार्थी मार्गदर्शन वर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या कार्यकर्त्यांनी आम्हाला निमंत्रण दिले तेव्हा "संगणक क्षेत्रातील संधी" असा विषय त्यांनी सुचविला होता. संधी किती, पगार किती, कोणता अभ्यासक्रम करावा, हे सांगणारे आज पुष्कळ आहेत आणि ते आमच्यापेक्षा चांगले सांगतात. म्हणून आम्ही कार्यकर्त्यांना विनंती केली की, आम्हाला आमच्या रोजच्या कामातील एक लहानसा प्रश्न आपल्यापुढे मांडू द्या. प्रश्न लहान आहे, पण त्यात आम्ही सगळे एकदा चांगलेच अडकलो होतो, आणि त्यातून जे शिकलो ते कोणत्याही अभ्यासक्रमात आम्हाला कोणी शिकविले नव्हते. मंडळाने ही विनंती मान्य केली, याबद्दल आम्ही मंडळाचे मनापासून आभार मानतो.

सभागृहात संगणकाशी संबंध नसलेली मंडळीही आहेत. त्यांच्यासाठी प्रथम दोन शब्द स्पष्ट करतो. प्रोग्रॅम लिहिणारा माणूस आपल्या टेबलावरील संगणकावर काम करतो. त्याने लिहिलेल्या सुट्या सुट्या फायली एकत्र करून त्यातून प्रत्यक्ष चालणारा प्रोग्रॅम तयार करणे, याला 'बिल्ड' म्हणतात. हे काम हल्ली एका वेगळ्या संगणकावर आपोआप होते. त्याला बिल्ड सर्व्हर म्हणतात. आणि 'चाचणी' म्हणजे प्रोग्रॅमची परीक्षा घेणारा दुसरा छोटा प्रोग्रॅम. "दोन अधिक दोन विचारल्यावर चार येतात का?" असे शेकडो प्रश्न तो विचारतो. सगळी उत्तरे बरोबर आली तर हिरवा दिवा, एक जरी चुकले तरी लाल दिवा.

आता अडचण अशी येते की, तीच चाचणी, तोच प्रोग्रॅम, एकही अक्षर बदललेले नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या टेबलावर हिरवा दिवा लागतो आणि बिल्ड सर्व्हरवर लाल. मग तो माणूस एक वाक्य बोलतो. जगातल्या प्रत्येक संगणक कार्यालयात ते वाक्य रोज कोणीतरी बोलत असते. ते वाक्य म्हणजे, "माझ्या यंत्रावर तर चालते!"

आमच्या भगिनींना ही गोष्ट चटकन समजेल. इडलीचे पीठ तेच, प्रमाण तेच, भिजविण्याची वेळ तीच. मुंबईत मे महिन्यात ते रात्रीत फुगून भांड्याबाहेर येते आणि नाशिकच्या डिसेंबरात सकाळपर्यंत जसेच्या तसे बसून राहते. दोष पिठाचा की हवेचा? पाककृती लिहिणाऱ्याने "रात्रभर ठेवावे" एवढेच लिहिले. हवा उबदार असावी हे लिहिलेच नाही, कारण त्याच्या घरी ती उबदारच होती. आमच्या धंद्यातील निम्मे घोळ असेच असतात. जे आपल्या घरी आपोआप मिळते, ते सर्वांनाच मिळते असे आपण धरून चालतो.

आमचा अनुभव

काही वर्षांपूर्वी आम्ही पाच-सहा जण मिळून एक काम करीत होतो. विद्यार्थ्यांचे शिष्यवृत्तीचे अर्ज गोळा करायचे, त्यांची यादी करायची, एकाच विद्यार्थ्याचा अर्ज दोनदा आला असेल तर एक काढून टाकायचा आणि रात्री शुद्ध यादी पुढे पाठवायची. काम दुसऱ्या एका संस्थेसाठी होते. तिचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. प्रोग्रॅम जावा भाषेत होता.

आमच्यात एक मुलगी नव्याने आली होती. तालुक्याच्या गावची, बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. बोलायला थोडी बुजरी. तिला चाचण्या लिहिण्याचे काम दिले होते. हे काम नव्या माणसाकडे ढकलण्याची आमच्याकडे रीतच आहे. आम्ही जुन्या मंडळींनी ज्या चाचण्या लिहिल्या होत्या, त्यांत विद्यार्थ्यांची नावे इंग्रजी होती. तीही खरी नावे नव्हेत, 'एबीसी', 'टेस्ट वन' अशी काहीतरी. या मुलीने मात्र आपल्या चाचणीत सहा नावे देवनागरीत लिहिली: रमा, उमा, सीमा, मीरा, वैशाली, सुनीता. सहा वेगवेगळ्या मुली, सहा अर्ज. प्रोग्रॅममध्ये सहा नावे घालायची आणि सहाच बाहेर येतात का ते पाहायचे. याहून सोपी चाचणी नाही.

तिच्या टेबलावर सहा गेली, सहा आली. हिरवा दिवा. बिल्ड सर्व्हरवर सहा गेली आणि तीन आली. लाल दिवा.

काम सोपविण्याला दोन दिवस उरले होते. आम्ही सर्व्हरवर चाचणी पुन्हा चालविली, पुन्हा तीन. आमच्या टेबलावर चालविली, सहा. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, तेच. आम्हाला ती मुलगी म्हणाली, "सर, माझ्या मशीनवर चालतंय." आम्ही काय म्हणालो ते आज कबूल करतो. आम्ही म्हणालो, "मग प्रोग्रॅम बरोबर आहे. सर्व्हरचे काहीतरी बिघडलेले असेल. ती चाचणी तेवढी बंद करून टाक, नंतर बघू."

मित्रहो, हा सल्ला आमच्या क्षेत्रात रोज दिला जातो, आणि अनुभवी माणसेच तो देतात. त्या मुलीने तो ऐकला नाही. ती उलट बोलली नाही. मान हलवली आणि जागेवर जाऊन बसली. संध्याकाळी आमच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "सर, तीन मुली कुठे गेल्या ते कळल्याशिवाय मी बंद कशी करू?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. तेव्हा आम्ही तिच्याबरोबर बसलो.

शोध कसा लागला

पहिली गोष्ट तिने केली ती ही की, "सहा अपेक्षित, तीन मिळाली" एवढ्या निरोपावर समाधान मानले नाही. कोणती तीन मिळाली, ते छापायला लावले. सर्व्हरने छापले ते असे: तीन प्रश्नचिन्हे, चार प्रश्नचिन्हे आणि सहा प्रश्नचिन्हे. नावे नव्हतीच!

आता कागद घेऊन मोजा. संगणकाच्या दृष्टीने 'रमा' या शब्दात तीन चिन्हे आहेत: र, म आणि काना. 'उमा' मध्येही तीन. 'सीमा' मध्ये चार, 'मीरा' मध्ये चार. 'वैशाली' मध्ये सहा, 'सुनीता' मध्ये सहा. प्रत्येक चिन्हाच्या जागी एक प्रश्नचिन्ह आले. त्यामुळे रमा आणि उमा एकसारख्या झाल्या, सीमा आणि मीरा एकसारख्या झाल्या, वैशाली आणि सुनीता एकसारख्या झाल्या. मग प्रोग्रॅमने आपले काम चोख केले: "दोनदा आलेले अर्ज" काढून टाकले. तीन मुली यादीतून गेल्या.

दुसरी गोष्ट आम्ही केली ती दोन्ही संगणकांच्या परिस्थितीची यादी. जावाची आवृत्ती कोणती, लिनक्सची कोणती, कोणकोणती लायब्ररी, कोणता वापरकर्ता, वेळ कोणत्या विभागाची, भाषा कोणती. दोन कागद शेजारी शेजारी ठेवले आणि ओळीने वाचत गेलो. फरक चार-पाचच होते. त्यांतला एक असा की, तिच्या टेबलावरील संगणकात भाषेच्या नोंदीपुढे इंग्रजी-भारत आणि यूटीएफ-८ असे लिहिलेले होते. सर्व्हरवर ती नोंद रिकामी होती.

यूटीएफ-८ ही अक्षरे साठविण्याची पद्धत आहे. तिच्यात जगातील सर्व लिप्या मावतात. देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात. भाषेची नोंद रिकामी असली की लिनक्स जुन्या सोप्या पद्धतीवर येते, आणि त्या वेळची जावा मग ॲस्की ही लिपीसंहिता धरून चालते. ॲस्की १९६३ साली अमेरिकेत ठरली. तिच्यात एकूण १२८ चिन्हे. इंग्रजी अक्षरे, आकडे, विरामचिन्हे. आपल्या 'र' ला तिच्यात जागाच नाही. जागा नाही म्हणून जावा तेथे प्रश्नचिन्ह लिहिते, आणि कसलीही तक्रार न करता पुढे जाते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. "हेच कारण असावे" असे वाटणे आणि "हेच कारण आहे" हे सिद्ध करणे यांत अंतर आहे. तिने आपल्या टेबलावरील संगणकात फक्त ती एक नोंद बदलली, बाकी काहीही नाही, आणि चाचणी चालविली. लाल दिवा! सहा गेली, तीन आली. नोंद पूर्ववत केली, हिरवा दिवा. पुन्हा बदलली, लाल. ज्या दोषाला आम्ही दिवसभर "सर्व्हरवरचा दोष" म्हणत होतो, तो आता आमच्या टेबलावर, आमच्या हुकमाने उठत होता आणि बसत होता. वैद्याला रोगाचे कारण हातात आले की अर्धा उपचार झाला, तशी ही अवस्था असते.

मग प्रोग्रॅम उघडला. फाइल वाचताना आम्ही "यूटीएफ-८ पद्धतीने वाच" असे स्पष्ट लिहिले होते. फाइल लिहिताना मात्र ते लिहायचे राहिले होते. तेथे जावा "यंत्राची जी रीत असेल ती" घेत होती. टेबलावरच्या यंत्राची रीत योग्य होती, सर्व्हरची नव्हती. दुरुस्ती एका ओळीची झाली.

दोष सर्व्हरचा नव्हता

येथे आपल्यापैकी कोणी विचारील की, मग सर्व्हरवरच ती भाषेची नोंद भरून टाकली असती तर? चाचणी हिरवी झाली असती, प्रोग्रॅमला हात लावावा लागला नसता. खरे आहे, आणि आमच्यापैकी एकाने तसे सुचविलेही.

परंतु आमचा प्रोग्रॅम प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी रात्री आपोआप चालणार होता. लिनक्समध्ये ठरलेल्या वेळी काम सुरू करणारी 'क्रॉन' नावाची व्यवस्था असते. माणूस संगणकात शिरतो तेव्हा त्याच्या भाषेची नोंद त्याच्याबरोबर येते. क्रॉन काम सुरू करते तेव्हा ती जवळजवळ रिकाम्या परिस्थितीत सुरू करते. म्हणजे दिवसा आम्ही कोणाला प्रोग्रॅम चालवून दाखविला असता, तर सहाच्या सहा नावे दिसली असती, आणि रात्री माणूस नसताना तीन गेली असती. बिल्ड सर्व्हरची परिस्थिती आमच्या टेबलापेक्षा प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणाशी अधिक जुळत होती. तो लाल दिवा खरे बोलत होता. खोटे बोलत होता तो आमच्या टेबलावरचा हिरवा दिवा.

आणि आणखी एक गोष्ट, जी आम्हाला आजही बोचते. आम्ही जुन्या मंडळींच्या चाचण्यांत इंग्रजी नावे होती. ती नावे ॲस्कीत मावतात. त्यामुळे आमच्या चाचण्या सगळीकडे हिरव्या होत्या आणि तशाच हिरव्या राहिल्या असत्या. ज्या मुलांसाठी ती यादी होती त्यांची नावे जशी असतात, तशी नावे त्या एका मुलीने लिहिली, म्हणून दोष सापडला. शिष्यवृत्तीच्या यादीतून नाव गळाले की त्या घरात काय होते, हे या सभागृहात आम्ही सांगण्याची गरज नाही. मुलगा चौकशीला जातो, त्याला सांगतात, "यादीत नाव नाही." यादी संगणकाने केलेली असते, म्हणून ती चुकणार नाही असे सगळे धरून चालतात.

पुढे मार्च २०२२ मध्ये जावाची अठरावी आवृत्ती आली. तेव्हापासून यंत्राची रीत काहीही असो, फायलींसाठी जावा मुळातच यूटीएफ-८ धरते. पण जुन्या आवृत्त्यांवर चालणारे प्रोग्रॅम आजही पुष्कळ आहेत. त्यांच्याबाबत ही काळजी घ्यावीच लागते.

अशा दोषांचे प्रकार

विद्यार्थी मित्रांना उपयोग व्हावा म्हणून, केवळ परिस्थिती बदलल्याने नापास होणाऱ्या चाचण्यांची नेहमीची कारणे थोडक्यात सांगतो.

पहिले कारण वेळ. बिल्ड सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर चालतात. आपली वेळ त्यापेक्षा साडेपाच तास पुढे. रात्री बारापासून पहाटे साडेपाचपर्यंत आपल्याकडे नवी तारीख असते आणि सर्व्हरवर कालचीच. अर्जाची मुदत ३१ जुलैच्या मध्यरात्री संपत असेल, तर १ ऑगस्टला रात्री साडेबारा वाजता आलेला अर्ज सर्व्हरच्या हिशेबी ३१ जुलैच्या संध्याकाळी सात वाजता आलेला असतो. उशिराचा अर्ज वेळेत ठरतो. ज्या मुलीला त्या दिवशी अठरा वर्षे पूर्ण झाली, ती पहाटेपर्यंत सतराचीच राहते. अशी चाचणी दिवसा पास होते आणि रात्रीच्या बिल्डमध्ये नापास. उपाय असा की, चाचणीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहू नये. "आज अमुक तारीख, अमुक वेळ, विभाग भारताचा" असे ठरवून दिलेले घड्याळ तिला द्यावे. परदेशी लायब्ररीत कोठे कोठे वेळेचा फरक पूर्ण तासांचाच असतो असे धरलेले असते. आपला अर्धा तास आणि नेपाळचा पाऊण तास तेथे अडचण करतात.

दुसरे कारण क्रम. डिरेक्टरीतल्या फायली कोणत्या क्रमाने मिळतील याची हमी नसते. एका यंत्रावर योगायोगाने अकारविल्हे मिळतात, दुसऱ्यावर नाही. पायथॉन भाषेत २०१२ साली आलेल्या ३.३ आवृत्तीपासून शब्दांच्या संचाचा क्रम सुरक्षिततेसाठी मुद्दाम दर वेळी बदलता ठेवला आहे. जावाच्या सातव्या आवृत्तीत चाचण्या चालण्याचा क्रम बेभरवशाचा झाला, तेव्हा एका चाचणीने मागे ठेवलेल्या पसाऱ्यावर दुसरी कशी पास होत होती, हे अनेकांना प्रथमच कळले. क्रम महत्त्वाचा असेल तर स्वतः लावून घ्यावा. नसेल तर चाचणीने तो विचारू नये.

क्रमातही आपल्या भाषेचा एक खास मुद्दा आहे. 'काळे' आणि 'कावळे' यांत आधी कोण? आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, म्हणून कावळे आधी. पण युनिकोडच्या तक्त्यात ळ चा क्रमांक ल च्या लगेच पुढे, व च्या आधी आहे. म्हणून निव्वळ क्रमांकाने लावले तर काळे आधी. एका यंत्रावर मराठी वर्णक्रम लावलेला आणि दुसऱ्यावर क्रमांकाचा, तर तीच यादी दोन क्रमांनी येते.

तिसरे कारण अक्षरे. 'शेतकऱ्यांची' या शब्दातील अर्धा र संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण संगणकाला ते दोन निराळे शब्द आहेत. शिवाय ॲपलच्या २०१७ पूर्वीच्या फाइल-व्यवस्थेत फायलीच्या नावातला ऱ हा र आणि खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांत मोडून ठेवला जाई. लिनक्समध्ये दिला तसाच राहतो. त्यामुळे तीच फाइल एका यंत्रावर सापडे आणि दुसऱ्यावर "नाही" म्हणून सांगितले जाई. इंग्रजीवाल्यांचीही यातून सुटका नाही. २०२३ साली जावाच्या विसाव्या आवृत्तीत अमेरिकी पद्धतीने वेळ लिहिताना आकडा आणि 'एएम-पीएम' यांच्यामधील साधी मोकळी जागा जाऊन तेथे एक निराळी, अरुंद मोकळी जागा आली. डोळ्यांना फरक दिसत नाही. चाचण्या मात्र धडाधड नापास झाल्या. तुर्की भाषेत बिंदू असलेला आणि बिंदू नसलेला असे दोन 'आय' आहेत, त्यामुळे तुर्की मांडणीच्या यंत्रावर मोठ्या लिपीतील इंग्रजी शब्द लहान लिपीत केला की भलतेच अक्षर येते, ही गोष्ट तर आमच्या धंद्यात प्रसिद्धच आहे.

चौथे कारण बिल्डची पद्धत. सी भाषेत तपासणीसाठी लिहिलेल्या 'असर्ट' ओळी ग्राहकाला द्यावयाच्या बिल्डमधून बहुधा गाळल्या जातात. कोणी चुकून त्या ओळीतच एखादे खरे काम लिहिले असेल, तर तपासणीबरोबर ते कामही जाते. इंटेलच्या जुन्या पद्धतीच्या गणनेत दशांश संख्या आत ८० बिटांत धरली जाई आणि बाहेर ६४ बिटांत ठेवली जाई. बिल्ड वेगवान करण्याचा पर्याय लावला की उत्तराचा शेवटचा आकडा बदले. "दोन दशांश संख्या तंतोतंत समान आहेत का?" असे विचारणारी चाचणी मग कधी पास, कधी नापास.

पाचवे कारण वेग. आपल्या यंत्रावर उत्तर एका सेकंदात येते म्हणून चाचणीत "एक सेकंद थांब" असे लिहितात. सर्व्हरवर एकाच वेळी दहा कामे चालू असतात आणि दोन सेकंद लागतात. इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली अपाचे संस्थेच्या ५१ प्रकल्पांतील अशा लहरी चाचण्यांच्या दुरुस्त्या तपासल्या, तेव्हा सर्वांत मोठा गट या वाट पाहण्याच्या चुकांचाच निघाला. ठरावीक वेळ थांबू नये. ज्या गोष्टीची वाट पाहतो ती झाली का, हे विचारीत राहावे.

शोधाची रीत

इतकी कारणे ऐकून घाबरून जाऊ नका. कारणे अनेक असली तरी शोधाची रीत एकच आहे.

निरोप पूर्ण वाचा. "नापास" हा शब्द वाचून थांबू नका. तीच चाचणी त्याच ठिकाणी दहा वेळा चालवा. दहाही वेळा नापास झाली तर कारण परिस्थितीत स्थिर बसलेले आहे. कधी पास कधी नापास झाली तर वेळ, क्रम किंवा वेग यांकडे पाहा. दोन्ही यंत्रांच्या परिस्थितीची यादी करा. ती स्मरणाने करू नका, यंत्राकडून छापून घ्या. प्रत्येक बिल्डच्या सुरुवातीलाच ती छापण्याची सवय ठेवली तर पुढे फार उपयोग होतो.

मग एका वेळी एकच फरक बदला. घाईत माणूस चार गोष्टी एकदम बदलतो, दिवा हिरवा होतो, आणि चारांपैकी कशाने झाला हे त्याला कधीच कळत नाही. फरक पुष्कळ असतील तर निम्मे निम्मे करा. सोळा फरक आहेत. आठ एकदम बदलून पाहा. दोष त्या आठांत असेल तर पुढचे चार, मग दोन, मग एक. कारण एकच असेल तर सोळांतून ते चार प्रयत्नांत सापडते, आणि हजारांतून सुमारे दहा प्रयत्नांत. एवढे झाल्यावर तो फरक लावून दोष उठवून दाखवा आणि काढून बसवून दाखवा. दोन्ही बाजू सिद्ध झाल्याशिवाय कारण सापडले असे म्हणू नका.

शेवटी, यंत्राला समजावून सांगण्याऐवजी प्रोग्रॅम दुरुस्त करा, आणि जी परिस्थिती आडवी आली ती चाचणीत कायमची ठेवा. आम्ही त्या दिवसापासून सर्व चाचण्या दोनदा चालवू लागलो. एकदा भाषेच्या नोंदीसह, एकदा रिकाम्या नोंदीसह. डेबियन या लिनक्सच्या स्वयंसेवकांनी २०१३ पासून हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर चालविली आहे. ते एकच प्रोग्रॅम दोनदा बिल्ड करतात. दुसऱ्या वेळी तारीख, वेळविभाग, भाषा, यंत्राचे नाव, फायलींचा क्रम मुद्दाम बदलतात आणि दोन्ही बिल्ड बिटागणिक सारखे येतात का ते पाहतात.

हल्ली 'डॉकर'सारख्या साधनांनी सर्वत्र एकसारखी परिस्थिती बरोबर नेता येते. साधन चांगले आहे. पण सर्वत्र एकच परिस्थिती केली की वेगळ्या परिस्थितीत काय होईल हे कळण्याचा मार्गही बंद होतो, एवढे लक्षात असू द्या.

लाल दिव्याची किंमत

चाचणी उगाच लाल होते असे एकदा वाटू लागले की माणसे तिच्याकडे पाहणे सोडतात. गूगलसारख्या मोठ्या कंपनीने २०१६ साली स्वतःच सांगितले होते की, त्यांच्या सुमारे १६ टक्के चाचण्यांत कमी-अधिक लहरीपणा आहे. इतक्या वेळा खोटा लाल दिवा पाहिल्यावर खरा लाल दिवा ओळखणार कोण?

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून युरोपचे एरियन-५ हे नवे रॉकेट पहिल्यांदा उडाले आणि सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाले. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेतील प्रोग्रॅमचा एक भाग एरियन-४ मधून जसाच्या तसा घेतला होता. जुन्या रॉकेटवर तो उत्तम चालत होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त. त्याचा आकडा १६ बिटांच्या जागेत मावेना, कारण त्या जागेत ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या बसत नाही. नव्या मार्गाचे आकडे देऊन त्या भागाची चाचणी घेतलीच गेली नव्हती. "आमच्या यंत्रावर तर चालते" याच वाक्याचे ते फार महागडे रूप होते.

आमच्या यादीतल्या तीन मुलींची बातमी कोणत्याही वर्तमानपत्रात आली नसती. रॉकेट पडले तर जगाला दिसते. यादीतून नाव गळाले तर ज्याचे गळाले त्यालाच कळते, आणि पुष्कळदा त्यालाही कळत नाही. म्हणून अशा कामात लाल दिव्याकडे अधिकच आदराने पाहावे लागते.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी काही जण उद्या या क्षेत्रात याल. तेथे पहिल्या दिवशी तुम्हाला चाचण्या लिहिण्याचे काम देतील, आणि ते दुय्यम आहे असे भासवतील. ते दुय्यम समजू नका. चाचणीत आपल्या लोकांची नावे लिहा, आपल्या गावांची नावे लिहा, आपली वेळ लिहा. तुम्ही जे जाणता ते मोठ्या शहरातल्या, मोठ्या पदावरच्या माणसाला ठाऊक असेलच असे नाही. आणि कोणी अनुभवी माणूस "ती चाचणी बंद कर" म्हणाला, तर भांडू नका, पण तीन मुली कुठे गेल्या हे विचारल्याशिवाय उठूही नका. आम्हाला तो प्रश्न विचारला गेला, याचे आम्हाला आज समाधान वाटते.

ती मुलगी आज स्वतः नव्या मुलामुलींना शिकविते. त्यांना ती पहिल्या दिवशी सहा नावांची तीच चाचणी लिहायला लावते, असे ऐकतो.